मी न वाचलेली ओळ

परभणीच्या आमच्या कॉलेजात दारालगतच्या फळ्यावर एकदा एक सूचना लागली. 'ज्या विद्यार्थ्यांस संशोधनकार्यात अडचणी येत असतील त्यांनी ग्रंथपालांस भेटावे.' ग्रंथपाल म्हणजे मी. ग्रंथ म्हणजे दीड कपाट, त्यातल्या अर्ध्या कपाटाची किल्ली हरवलेली. आणि संशोधन म्हणजे काय हे सूचना लिहिणाऱ्या प्राचार्यांना, ती वाचणाऱ्या पोरांना आणि ज्याला भेटायचं होतं त्या मला, सगळ्यांना सारखंच ठाऊक होतं. माझी निवड कशावरून झाली असेल याचा मी पुष्कळ विचार केला. सगळ्या मास्तरांत चष्मा मला एकट्याला होता, यापलीकडे कारण सापडलं नाही.

हसण्यावारी सांगतोय खरा, पण त्या सूचनेपायी एका म्हाताऱ्याचं गाव सुटलं. ते सांगायचं म्हणून बसलोय. मध्येमध्ये माझी फजिती येईल. ती मला सांगायला सोपी जाते आणि उरलेलं जड जातं, एवढं वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. विद्यापीठ नवं होतं आणि नव्या सुनेसारखं सगळं नीट करायला निघालं होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहास घेतलेल्या प्रत्येकानं आपल्या भागाविषयी एक छोटा प्रबंध लिहायचा, तोही 'मूळ साधनांवरून', असा नियम निघाला. मूळ साधनं कुठं मिळतात ते नियमात नव्हतं. म्हणून पोरं माझ्याकडे येऊ लागली. एकानं अख्खं प्रकरण उतरवून आणलं होतं, त्यात 'मागील भागात आपण पाहिलेच आहे' हेसुद्धा उतरवलं होतं, आणि मागील भाग काही लिहिला नव्हता. दुसरा म्हणाला, "सर, असा विषय द्या की ज्यात काही शोधायची गरज पडणार न्हाई." त्याला मी हाकलला, पण मनातून वाटलं की प्रश्न माझ्याच जातीचा आहे.

मी त्यांना तीन गोष्टी सांगायचो. विचारायला लाजू नका. म्हातारी माणसं जे सांगतील ते सगळं लिहून घ्या, आपल्याला फालतू वाटलं तरी. आणि ज्याला एखादी गोष्ट आपल्याहून जास्त कळते त्याच्यापुढं शहाणपण मिरवू नका. ही वाक्यं मी कुठून उचलली होती आठवत नाही. चांगली होती. तिन्ही मीच मोडली.

माझ्याजवळ मिरवायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे उर्दू. निजामाच्या राज्यात शिकलो, मॅट्रिकपर्यंत सगळं उर्दूत, गणितसुद्धा. त्या भाषेपायी छड्या खाल्ल्या, तिच्यापायी बक्षीसही घेतलं. मग राज्य गेलं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, आणि माझं सगळं शिक्षण ट्रंकेत ठेवलेल्या शेरवानीसारखं झालं. टाकवत नाही, घालवत नाही. त्यामुळं एखाद्या पोराला जुना सरकारी कागद वाचून हवा असला की माझी कॉलर ताठ व्हायची. पोरांना उर्दूचं अक्षर येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत मी मोठा विद्वान होतो, आणि ते मला फार आवडत होतं.

अशा दिवसांत तो आला. वालूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला धनगराचा मुलगा. मेंढरं राखणाऱ्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. उंच, काटक, दारात उभा राहिला तरी पाठीमागं कळप असल्यासारखा एक डोळा मागं ठेवून उभा राहायचा. हातात वीस पानं होती, एका जाड पुस्तकातून उतरवलेली.

मी ती चाळली आणि म्हणालो, "हे तू लिहिलंस?"

"हो सर. लय दिवस लागले."

"हे उतरवणं झालं. तुला स्वतःला काय माहीत करून घ्यायचंय?"

हा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नसावा. मग हळूच म्हणाला, "आमचा आजा खोटं बोलायलाय का, एवढं कळलं पायजे."

मी चष्मा काढून बसलो. चष्मा काढला की मला कमी दिसतं, पण समोरच्याला वाटतं आपण जास्त बघतोय.

त्यानं सांगितलं ते असं. गावाच्या उगवतीला मोठा माळ. त्यातला निम्मा तुकडा पूर्वी कधीतरी पाटलाच्या घराण्याला लागवडीला मिळाला, निम्मा अजून पडीक, त्यावर धनगरांची मेंढरं चरतात. आता पंचायतीत त्या उरलेल्या माळाची वाटणी निघाली होती. पाटील म्हणत होता, धनगर मागून आले. आमची जमीन झाल्यावर काही वर्षांनी दुष्काळात आले आणि आम्ही दयेनं ठेवून घेतले, त्यांचा हक्क कसला? आजा म्हणत होता, आमी आलो तवा अख्खा माळ उघडा हुता, नांगराचं एक तास नव्हतं. गाव जागीरदाराचं होतं तेव्हा. जागीरदाराच्या मुन्शीनं त्याच्या बापाचं नाव चराईच्या वहीत लिहून घेतलं होतं आणि तेव्हा हा बापाच्या खांद्यावर होता.

"गाव कुणाचं ऐकतं?" मी विचारलं.

"आज्याचं ऐकत हुतं. चावडीवर त्याच्यासाठी जागा सोडायचे. आता निम्मे लोक हसायलेत."

मी म्हणालो, "झाला तुझा विषय. आधी आज्याला सगळं विचार. तो बोलेल ते सगळं लिही."

पंधरा दिवसांनी त्यानं एक वही आणली. पोरानं खरंच सगळं लिहिलं होतं, म्हातारा कुठं खोकला तेसुद्धा. त्यात एक मजकूर असा होता. 'मुन्शी नाव लिहायला बसला. निम्मं लिवलं आन् कलम टाकून उठला. चांद दिसला, चांद दिसला म्हणून देवडीवरचे समदे लोक वर चढले. मला बी बापानं वर उचललं. मला चांद दिसला न्हाई. मग मुन्शी खाली आला आन् त्यानं राहिलेलं नाव लिवलं.'

मी लाल पेन्सिल घेतली आणि या मजकुरावर आडवी रेघ मारली. समासात लिहिलं, 'असंबद्ध'. पोराला म्हणालो, "म्हाताऱ्या माणसांना चांदोबा फार आठवतो. आपल्याला वर्ष हवंय."

तो म्हणाला, "पण सर, तुमीच म्हणले हुते, फालतू वाटलं तरी."

"वहीत ठेव. प्रबंधात नको," मी म्हणालो. उत्तर तयार होतं माझ्याकडं. माझ्याकडं उत्तर नेहमी तयार असतं.

मग आम्ही दोघं कचेरीच्या दफ्तरखान्यात गेलो. जुने कागद लाल फडक्यांत बांधून फळ्यांवर रचलेले, उदबत्ती आणि वाळवी यांचा मिळून एक वास. तिथले मुहाफिज, म्हणजे जुन्या दफ्तराची राखण करणारे कारकून, एक वयस्क गृहस्थ होते. पांढरी दाढी, टाचांवर झिजलेला जोडा, आणि गठ्ठा कुठल्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगायची विद्या. राज्य बदलल्यापासून ते फार हळू बोलत. सगळ्यांना साहेब म्हणत, चपराशालासुद्धा. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत त्यांनी काय पाहिलं असेल ते कुणी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. कुणाची चूक दाखवायची नाही, एवढं मात्र ते त्यातून शिकले असावेत.

त्यांनी दोन कागद काढून दिले. एक पाटलाच्या घराण्याला माळ दिल्याचा सरकारी हुकूम, छान वळणदार अक्षरात. मी तो खड्या आवाजात वाचला, सन वाचला, महिना वाचला. "बहमन," मी म्हणालो, "म्हणजे फसली सनाचा महिना. फसली म्हणजे निजाम सरकारचं वर्ष. त्यात पाचशे नव्वद मिळवले की आपलं इसवी सन. लिहून घे." पोरगा भक्तिभावानं लिहीत होता.

दुसरा कागद जागीरदाराच्या चराईच्या वहीतलं एक पान. त्यात पोराच्या पणज्याचं नाव होतं. खरंच होतं. पोरानं नुसतं त्या अक्षरांकडं बोट नेलं, टेकवलं नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. ते पान मला वाचता येत नव्हतं. मुन्शी लोक घाईत एक मोडकं अक्षर लिहायचे. शब्द एकमेकांत घुसलेले, ठिपके गायब. शाळेतल्या उर्दूनं ते वाचता येत नाही, त्याला वेगळी सवय लागते. मला नाव वाचता आलं, कारण ते मला आधीच माहीत होतं. खालचा सनाचा आकडा वाचता आला, कारण आकडे मोडत नाहीत. सनापुढचं खुणेचं अक्षर वाळवीनं नेलं होतं. आणि आकड्याच्या वर एक वेटोळी ओळ होती, ती मला अजिबात लागली नाही.

पोरगा विचारता झाला, "वर काय लिवलंय, सर?"

"सही आहे मुन्शीची," मी म्हणालो.

मुहाफिज बाजूला उभे होते. ते अगदी हळू म्हणाले, "प्रोफेसर साब, ऊपर की लकीर भी देख लेते तो…"

"दस्तखत है, मालूम है हमकू," मी म्हणालो. आवाज थोडा चढाच लागला असेल. मला प्रोफेसर म्हणणारा तो जगातला एकच माणूस, आणि त्यालाच मी गप्प केलं.

"हौ साब," ते म्हणाले आणि फडक्याच्या गाठी सोडायला मागं सरकले.

पोरानं दोन्ही आकडे एकाखाली एक मांडले. चराईच्या वहीतला आकडा हुकुमातल्या आकड्याहून चारानं मोठा होता. म्हणजे आधी पाटलाला माळ मिळाला आणि त्यानंतर चार वर्षांनी धनगरांचं नाव वहीत आलं. पाटील म्हणत होता अगदी तसंच.

पोरानं वजाबाकी पुन्हा एकदा केली. म्हणाला, "सर, आजा लबाड न्हाई. बाकी काय बी असंल."

"लबाड कोण म्हणतंय? लहान होता, विसरला असेल," मी म्हणालो. "पण संशोधन करणाराला आजा नसतो. कागद म्हणेल ते लिहायचं." हे वाक्य मला फार आवडलं. दिवसभर मी ते मनात घोळवत होतो. आणखी एक शहाणपण मी त्याच्या पदरात टाकलं. ज्याच्याविषयी लिहिलंय त्याला ते वाचून दाखवावं, तोंड चुकवू नये.

त्यानं वाचून दाखवलं. अंगणात, म्हातारा मेंढीचं पिल्लू मांडीवर घेऊन बसला होता तेव्हा. पोरानं मला नंतर सांगितलं की आज्यानं मध्ये एकदाच विचारलं, "आन् चांदाचं?" पोरगा म्हणाला, "ते काढून टाकलं." म्हाताऱ्यानं मांडीवरचं पिल्लू खाली सोडलं. कुडाच्या पलीकडं शेजारी होता, आणि खेड्यातल्या कुडाला नुसते कान नसतात, तोंडही असतं. सकाळपर्यंत गावाला कळलं की धनगराच्या शिकलेल्या नातवानंच आज्याला खोटा ठरवला, तोही सरकारी कागदावरून.

गावानं म्हाताऱ्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं 'पाव्हणं' म्हणायला सुरुवात केली. चावडीवर गेला की, "या पाव्हणं, बसा." पाण्यावर भेटला की, "कवा आलाव, पाव्हणं? मुक्काम हाय का?" लहान पोरांनी ते उचललं. महिनाभर त्यानं ऐकलं. मग दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं खालच्या अंगाला न्यायची असतात ती त्यानं त्या वर्षी दिवाळीआधीच हलवली. घरातल्यांना वाटलं, चाऱ्याचं बघून गेला. ज्या वयात म्हातारे कळपाबरोबर जात नाहीत त्या वयात तो गेला.

इकडं प्रबंध विद्यापीठात गेला. परीक्षकांनी तो वाखाणला. घरच्या कथेपुढं न झुकता पुराव्यापुढं झुकणारा विद्यार्थी विरळा, अशा अर्थाचं काही त्यांनी कळवलं. प्राचार्यांनी ते पत्र स्टाफपुढं वाचून दाखवलं आणि मार्गदर्शक म्हणून माझ्याकडं हात केला. मी मान खाली घातली, लोक विनयानं घालतात तशी. प्रबंधाची एक प्रत बांधून माझ्याच कपाटात आली. दुसरी प्रत, कशी ते ठाऊक नाही, पाटलाच्या घरी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या दोन पोरांना घेऊन दफ्तरखान्यात गेलो. मुहाफिज गठ्ठे बांधत होते. त्यांची नोकरी संपत आली होती आणि जुने उर्दू कागद कुठं दूर पाठवायचे ठरलं होतं. कुठं, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. मला बघून त्यांनी विचारलं, "वो गडरिये का लडका कैसा है, साब?"

मी सगळं सांगितलं. पत्राचंही सांगितलं. ते कान देऊन ऐकत होते. माझं संपल्यावर हातातली गाठ पक्की केली आणि इतक्या हळू बोलले की मला पुढं वाकावं लागलं.

"साब, वो तो रजब का कागज था."

"काय?"

"ऊपर लिखा था. गुर्रा-ए-रजब. रजब की पहली."

मला एक क्षण काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. ज्यांना ते राज्य आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निजामाच्या राज्यात दोन सनं चालायची. सरकारी कामाला फसली, त्याचे महिने आझर, दै, बहमन असे. आणि जागीरदारांच्या खासगी कचेऱ्यांतून पुष्कळदा हिजरी, मोहरम-रमजानचं वर्ष. कुठला सन ते आकड्यापुढच्या खुणेच्या अक्षरावरून कळायचं, आणि त्या पानावर तेच वाळवीनं नेलं होतं. रजब हा हिजरीतला महिना. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून त्याचा आकडा पुढं पळत राहतो. त्या काळात तो फसलीच्या आठ पावलं पुढं गेलेला होता. मी दोन्ही आकडे फसली धरले होते. चराईच्या वहीतला आकडा हिजरी होता. चारानं मोठा दिसणारा तो आकडा आठानं मागं न्यायचा, म्हणजे धनगरांचं नाव पाटलाच्या हुकुमाच्या चार वर्षं आधीचं.

आणि पहिली तारीख. पहिली तारीख म्हणजे ज्या संध्याकाळी चांद दिसतो ती. मुन्शी कलम टाकून चांद बघायला गेला, खाली आला, महिना बदलला होता. त्यानं तोच महिना लिहिला. म्हाताऱ्यानं तारीखच सांगितली होती मला. मी तिच्यावर लाल रेघ मारली होती.

"आपने तेव्हाच का नाही सांगितलं?" माझ्या तोंडून अर्धं हिंदी अर्धं मराठी निघालं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "बोला था, साब," ते म्हणाले. मग पुढचा गठ्ठा जवळ ओढत, "एक बार बोला था."

दुसऱ्या दिवशी पोराला बोलावलं. तो परीक्षेच्या निकालाची वाट बघत परभणीतच एका दुकानात हिशेब लिहायला राहिला होता. त्याला सांगताना मी एकही विनोद केला नाही. मला वाटलं होतं तो ओरडेल. त्यानं फक्त विचारलं, "ती वरची ओळ. तुमाला वाचता येत नव्हती का सर, का वाचली न्हाई?"

"येत नव्हती," मी म्हणालो.

"मंग तसं म्हणायचं हुतं की."

एवढंच. आजतागायत मला कुणी इतकं कमी बोललं नाही आणि इतकं लागलं नाही.

म्हातारा त्या वर्षी गंगाखेडच्या खाली, गोदावरीच्या काठानं उतरला आहे असा निरोप घरी आला होता. आम्ही दोघं आगगाडीनं गंगाखेडला गेलो आणि तिथून नदीकाठानं चालत सुटलो. पोरगा माझ्या पुढं चालला होता. नदीत पाण्याच्या दोन-तीन दोऱ्याच उरल्या होत्या, बाकी वाळू. दुपार कलल्यावर एका नांगरलेल्या रानात कळप दिसला. भोवती जाळीची वाघर लावलेली. शेतकऱ्यांनी खतासाठी मेंढ्या बसवून घेतल्या होत्या. म्हातारा बाभळीखाली टकळीवर लोकर कातत होता. मला वाटलं होतं तसा तो थकलेला नव्हता. वाळलेला होता.

पोरानं पाय धरले. म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्ये कोन?"

"आमचे सर. कागद वाचणारे."

"बसा मास्तर. सावली पातळ हाय, पर बसा."

मी बसलो आणि सांगितलं. फसली सांगितलं, हिजरी सांगितलं, रजब सांगितला, चूक माझी होती हे दोनदा सांगितलं. टकळी फिरत होती. मी संपवलं तेव्हा त्यानं धागा गुंडाळला.

"म्या चांदाचं सांगितलं हुतं का न्हाई, मास्तर?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

त्यानंच पुढं चालवलं. "तवा कागद म्हनला, म्हातारा लबाड. आता कागद म्हनायलाय, म्हातारा खरा. म्या तर दोन्ही बारीला तेच बोलायलो हुतो. माझं बोलणं कवा धरलं तुमी?"

नातू म्हणाला, "आज्या, घरी चल. सर चावडीवर येऊन सांगणार हायत."

"जावा की. सांगा." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मला कामून नेताव? मी पाव्हणा मानूस." आणि हसला. हा विनोद त्यानं गावाकडूनच घेतला होता, आणि त्याच्या तोंडी तो मला ऐकवेना. मी आयुष्यभर स्वतःवर हसून सुटत आलो. दुसरा माणूस स्वतःवर हसला की काय होतं ते तिथं कळलं.

त्यानं आम्हाला दूध दिलं, भाकरी दिली, आणि संध्याकाळच्या आत गाडी गाठा म्हणून उठवलं.

मी चावडीवर गेलो. पोरानं आदल्या दिवशी निरोप दिल्यामुळं बरीच माणसं जमली होती. मी उभा राहून सगळं नीट सांगितलं, दोन्ही सनांची वजाबाकी कोळशानं फरशीवर करून दाखवली. लोकांनी ऐकलं. पाटलाचा मुलगा बांधलेला प्रबंध मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं तो उघडलासुद्धा नाही.

"मास्तर, ह्याच्यात लिवलंय ते बी तुमीच सांगितलेलं ना?"

"हो. ते चूक आहे."

"आन् आता सांगायलाव ते बी तुमीच."

"हो."

"मंग पुढल्या साली काय सांगणार हाव, ते आत्ताच सांगून टाका. पुन्हा खेटे कशाला?"

लोक हसले. मीही हसलो, सवयीनं. हसायला नको होतं. पोरगा माझ्या शेजारी उभा होता, तो हसला नाही, आणि मी हसलेलं त्यानं पाहिलं.

दफ्तरखान्यातलं ते पान आणून दाखवू असं मी म्हणालो होतो. परभणीला येऊन बघतो तर फळ्या रिकाम्या होत्या. गठ्ठे गेले होते, मुहाफिज घरी बसले होते. ते कागद कुठं गेले ते मी वर्षभर पत्रांनी विचारत राहिलो. एका कचेरीनं दुसरीकडं बोट दाखवलं, दुसरीनं तिसरीकडं. विद्यापीठाला लिहिलं की प्रबंधात दुरुस्ती करायची आहे. उत्तर आलं की निकाल लागल्यानंतर दुरुस्तीची तरतूद नाही. माळाची वाटणी पंचायतीत झाली. धनगरांना एक पट्टी मिळाली, ओढ्याकडची, खडकाळ.

म्हातारा परत आला नाही. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला कळप घेऊन त्याचा मुलगा, म्हणजे पोराचा बाप, एकटाच गावात शिरला. म्हातारा नदीकाठीच दोन दिवसांच्या तापात गेला होता. पोरानं मला हे पोस्टकार्डावर कळवलं. खाली तारीख घातली होती, आणि तारखेच्या शेजारी तिथी, पक्ष आणि महिनाही लिहिला होता. पुढं तो तलाठी झाला, दूरच्या तालुक्यात. वर्षातून एकदा त्याचं कार्ड यायचं, त्यावरही तसंच. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. पुन्हा प्रबंध, संशोधन, असला शब्दही नाही.

फळ्यावरची सूचना दरवर्षी नव्या खडूनं लिहिली जायची आणि पोरं यायची. मी ती तीन वाक्यं सांगणं बंद केलं. कपाटातून तो बांधलेला प्रबंध काढायचो, सोबत पोरानं माझ्याकडंच सोडलेली ती वही द्यायचो, लाल रेघ मारलेली, आणि एका चिठ्ठीवर त्या वरच्या ओळीतले दोन शब्द नागरीत लिहून द्यायचो. म्हणायचो, यात एक मोठी चूक आहे, ती ज्याला सापडेल त्याला मी मदत करीन. सुरुवातीला एकदोघांनी घरी जाऊन कुणा म्हाताऱ्याला विचारून आणलं. नंतर तेही थांबलं.

निवृत्तीच्या वर्षी एक हुशार मुलगी आली होती. तिनं दोन्ही वाचलं, चिठ्ठी उलटसुलट करून बघितली.

"सर," ती म्हणाली, "रजब म्हणजे त्या मुन्शीचं नाव होतं का?"

मी चष्मा काढला. दाराशी तिच्यामागं आणखी तिघं उभी होती, हातात उतरवलेली पानं घेऊन. मी म्हणालो, "बस. सांगतो. मलाही हे आधी माहीत नव्हतं."